काचीगुड्याची आत्या

काचीगुड्याच्या आत्याचं एक वाक्य पुरं झालेलं ऐकायला मला जवळजवळ महिना लागला. ती बोलायला लागली की आतल्या खोलीतून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजायचा. "आले" म्हणून ती उठायची, आणि परत आली की भलतंच काही सुरू करायची. आत पलंगावर मामा असायचे, आत्याचे यजमान. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या स्कूटरला ट्रकनं धडक दिली. कमरेखालचं अंग गेलं, उजवा हातही गेला. त्याआधी ते छापखान्यात कामाला होते आणि साऱ्या गल्लीला हसवायचे, असं म्हणतात. मी पाहिलेले मामा कधी हसले नाहीत.

मी नांदेडहून एम.ए. करायला आले होते. तारनाक्याला वर्ग, राहायला आत्याकडे. दोन खोल्या आणि एकच खिडकी, तीही मामांच्या पलंगाशी. आत्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. मामांचं अंग पुसून, पडून पडून झालेली पाठीची जखम साफ करून, कूस बदलून ती ड्युटीला जायची. दुपारची कूस बदलायला शेजारची पद्माम्मा येई.

मामा दर तासाला दवाखान्यात फोन करायचे. कुठं आहेस, कुणाशी बोलतेस, मागं कोण हसलं. आत्या सगळ्याची उत्तरं द्यायची. वरणात मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. एकदा भिंत पुसताना मीच चिडून बोलले, तर ती म्हणाली, "राग घेऊन कुठं जातील ते? मी तरी ड्युटीला जाते."

म्हणून ती कुणी संत होती असं नाही. कधीकधी ती स्वयंपाकघरात मोरीचा नळ पूर्ण सोडून नुसती उभी राहायची. भांडी घासलेली असायची, बादली भरून वाहत असायची. पाण्याच्या आवाजात चमचा ऐकू येत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

दुसऱ्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, नांदेडलाच. माझी परीक्षा होती, म्हणून मी थांबते म्हणाले. अपघातानंतर आत्या पहिल्यांदाच गावाला निघाली. निघण्याआधी मामा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती गेली त्या दिवशी ते जेवले नाहीत, फोन मात्र लावत राहिले. तिनं एकही उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि पद्माम्मा त्यांची कूस बदलत होतो, तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "ती येणार नाही. तिच्या जागी मी असतो तर आलो नसतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. मामांनी विचारलं, "आलीस?" ती म्हणाली, "आले." आणि पाणी तापवायला ठेवलं. स्वयंपाकघरात तिनं मला हळू आवाजात सांगितलं, "नांदेडच्या स्टेशनात एक गाडी सोडली मी. बाकावर बसून राहिले. दुसरीत चढले ते मायेनं नाही बघ. पद्माम्माला ती जखम साफ करता येत नाही, म्हणून चढले. माया मागाहून चढली असेल, वाटेतल्या कुठल्या तरी स्टेशनात."

त्यानंतर ताट भिंतीवर गेलं नाही. फोन मात्र चालूच राहिले.

एम.ए. झाल्यावर मला पुण्यात नोकरी लागली. ते पत्र मी आठवडाभर लपवून ठेवलं. इथंच शिकवण्या घेईन, आत्याला हाताशी कुणीतरी हवं, असं मी पद्माम्माजवळ बोलले, आणि तिनं ते आत्याच्या कानावर घातलं. आत्यानं स्टुलावर चढून माळ्यावरची माझी बॅग काढली, फडक्यानं पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. मी म्हणाले, तुला एकटीला सोडून कशी जाऊ. ती माझ्या कपड्यांच्या घड्या करत राहिली.

"तू थांबलीस तर या घरात तिघं अडकतील," ती म्हणाली. "दोघं पुरे."

निघताना मी मामांना जयभीम केला. त्यांनी चालत्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. खाली ऑटोवाला हॉर्न देत होता. मला हात ओढून घेववेना. आत्या आली. तिनं त्यांचं एकेक बोट उलगडलं, पाचही मोकळी झाल्यावर तो हात आपल्या हातात घेतला आणि पलंगाच्या कडेला बसत मला म्हणाली, "जा आता."