व्हय म्हाराजा म्हटल्याशिवाय

यंत्राला मानाने वागवलं नाही तर ते रुसतं, असं मनापासून मानणारा इंजिनियर उभ्या अंधेरीत एकच असेल, आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. आम्ही त्यांना सर म्हणायचो, ते मला ‘गो बाय’. मूळचे मालवणचे, राहायला भांडुपला. आमची कंपनी लॅबमधली रक्त तपासायची यंत्रं कॉम्प्युटरला जोडून द्यायची. सर यंत्राची केबल वेणी सोडवावी तशी सोडवत. विंडोजला थोरले जावई म्हणत, कारण कधी काय खुपेल नेम नाही. लिनक्स घरचा माणूस. मॅकचं नाव काढलं की नुसते छताकडे बघत. एकदा अडकलेल्या प्रिंटरला मी चापट मारली, तर संध्याकाळपर्यंत अबोला. मग म्हणाले, “तुका कोणी असा मारलेला चलात?” आणि नवं काही गिऱ्हाइकाकडे जायचं असलं की कोकणात देवापुढे घालतात तसं यंत्रापुढे गाऱ्हाणं घालत, आणि दर ओळीला अख्खं ऑफिस, त्यात आमचा गुजराती अकाउंटंटसुद्धा, ‘व्हय म्हाराजा’ म्हणे.

यंत्र आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर चालायचं, तिची नवी आवृत्ती आली. आमचा प्रोग्राम तिन्ही सिस्टिमवर तिच्याशी जुळवायचं काम मला मिळालं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर प्रोबेशन संपलं की घरी. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि घाटकोपरच्या आमच्या गल्लीत आई आधीच सांगून मोकळी, पोरगी पर्मनंट झाली म्हणून.

लिनक्सवर चाललं, मॅकवर चाललं, विंडोजवर रिपोर्ट कोरा. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबला दाखवायचं होतं. दुपारी सगळे जेवायला गेले, मी डबासुद्धा उघडला नव्हता. सरांनी यंत्रापुढे हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची नोकरी पक्की होवची आसा, रे म्हाराजा...” आणि थांबले. हात तसेच जोडलेले.

“सर, पुढे म्हणा ना.”

“तू व्हय म्हण आधी. त्याशिवाय मी फुडे कसो जातलंय?”

मी व्हय म्हटलंच नाही, सरळ कीबोर्डकडे वळले. जुनी लायब्ररीही सरांसारखीच उत्तर येईपर्यंत आपणहून थांबायची. नवीला थांब म्हणून सांगावं लागतं. विंडोजवर यंत्राचं उत्तर जरा उशिरा यायचं, तोवर आमचा प्रोग्राम पुढे निघून गेलेला. थांबायला सांगितलं आणि रिपोर्ट भरून आला. मग शांतपणे डबा खाल्ला. भाजी गार झाली होती, पण अशी चव परत लागली नाही. सर मात्र गाऱ्हाणं अर्धवट राहिलं म्हणून फुगून बसले.

नोकरी पक्की झाली तेव्हा ऑफिसातूनच आईला फोन लावला. “बरं झालं बाई,” ती म्हणाली, “मी खोटी नाही पडले. पण तू केलंस काय नक्की?” लायब्ररी म्हटलं की तिला पुस्तकं दिसतात. सरांनी फोन ओढून घेतला. “ताई, यंत्र बोलत होता, पण आमच्यात थांबान आयकणारा कोण नाय होता. तुमच्या चेडवान कान दिल्यान.” पलीकडून आई म्हणाली, “असं होय.”

सर आता गावी गेले, कायमचे. त्यांच्या खुर्चीत बसणारा मुलगा हुशार आहे, केबल ओढूनच काढतो. आई पाहुण्यांना माझं पद सांगत नाही, ‘ती यंत्रांचं ऐकून घेते’ एवढंच सांगते. पाहुणे माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघतात. मी दुरुस्त करत नाही.