सुमनचा डावा पाय

नेमबाजीच्या सरांचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यातल्या घरी रायफल पुसत होते. "सुमन गेली," एवढंच ते म्हणाले. डेंग्यूचा ताप, पाच दिवस... तिशीही गाठली नव्हती तिनं. आता महिना झाला. खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मनात आलं, आता रेंजवर माझ्यापेक्षा सरस कुणी उरलं नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही.

सुमन पैठणकडची, मेंढपाळाच्या घरातली. वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला. जॅकेट दुसऱ्या कुणाचं, रायफल क्लबची. माझं सगळं स्वतःचं, सरावही तिच्याआधी चार वर्षांपासूनचा. तरी उभ्यानं नेम धरायचा झाला की मी थरथरायची आणि ती खांबासारखी स्थिर. एकदा न राहवून विचारलं. ती हसली. "ताई, तू हातानं उचलतीस. कोपर कमरेच्या हाडावर टेकव, वजन पायात जाऊ दे. मेंढरांमागं दिवसभर उभं राहिलं की कळतंय ते. अन् नेम लांबला तर रायफल खाली घे, पुन्हा पहिल्यापासून." काही हातचं राखलं नाही तिनं. माझे गुण वाढले. हेवाही वाढला.

निवड चाचणीच्या आधीच्या आठवड्यात तिच्या गोळ्या डावीकडं जायला लागल्या. सर बाहेरगावी होते. "ताई, मागून बघ ना, कुठं चुकतंय?" मी बघितलं. तिचा डावा पाय दर वेळी बोटभर सरकत होता. मी म्हणाले, "काही नाही गं, जॅकेट सैल आहे तुझं."

माझी निवड झाली. ती थोडक्यात राहिली. त्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "पाय चुकत होता माझा. तुला दिसलं नाय व्हय?" "नाही गं." ती माझ्याकडं पाहत राहिली... मग म्हणाली, "चल, चहा घेऊ."

गेल्या आठवड्यात वाळूजला तिच्या खोलीवर गेले. सोबत राहणाऱ्या तिच्या आई सामान बांधत होत्या. फरशीवर लाल रंगानं दोन पावलं रेखलेली, भिंतीसमोर. "चाचणीवरून आली अन् दुसऱ्या दिवशी काढली," आई म्हणाल्या. "कामावरून आली की रोज त्यात उभी राहायची. लई वेळ. मालक म्हणतोय पुसून द्या."

"मी पुसते, काकू." त्यांच्या हातातला रॉकेलचा बोळा घेऊन मी खाली बसले. डाव्या पावलावर हात ठेवला आणि पुढं सरकेना. "त्या आठवड्यात मला दिसलं होतं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी वाकून माझ्या हातातून बोळा काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "मी पुसते."