टेबलाच्या पायाखालचा ठोकळा

बातमी घेऊन किसन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होतो. सायकल व्हरांड्याच्या खांबाला टेकवून तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, बा गेला." किसन म्हणजे सावळाराम मिस्त्रींचा थोरला मुलगा. निघोज्याहून चिंचवडपर्यंत भर उन्हात सायकल हाणत आला होता. बापानं सांगून ठेवलं होतं म्हणे, की मी गेलो तर मास्तरांना आधी कळवायचं, नाहीतर गुरुवारच्या सभेला माझी गैरहजेरी लागंल. मरणाच्या दारातही या माणसाला हजेरीची काळजी! मला हसू आलं... आणि मग मुलांकडे पाठ करून बराच वेळ त्या अर्ध्या वर्तुळाकडे बघत उभं राहावं लागलं.

पुढच्याच गुरुवारी आमच्या क्लबाच्या सभेत शोकठरावाचा मसुदा वाचला गेला. 'क्लबाने एक विनम्र, मितभाषी व आज्ञाधारक सेवक गमावला आहे.' मी क्लबाचा चिटणीस, म्हणजे हे वाक्य इतिवृत्ताच्या वहीत उतरवायचं ते मीच. माझं डोकंच फिरलं. सावळाराम मिस्त्री विनम्र नव्हते. मितभाषी तर मुळीच नव्हते, रंधा चालू असतानाही त्यांचं तोंड चालूच असायचं. आणि आज्ञाधारकपणाचं म्हणाल, तर क्लबाची एक आज्ञा त्यांनी अशी मोडली होती की तिचे तुकडे अजून शाबूत आहेत. जिवंतपणी जो टोचला त्याला मेल्यावर तासून गुळगुळीत करायची आपल्याकडे खोडच आहे. ते मी होऊ देणार नाही. दीड महिना झाला, राग अजून उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत हे लिहून काढतो आहे.

बावन्न साल असेल. पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या होत्या. त्यांतल्याच एका कारखान्याचे मॅनेजर साहेब मुंबईहून बदलून आले आणि येताना हे क्लबाचं खूळ घेऊन आले. परदेशात कुठल्याशा शहरात निरनिराळ्या धंद्यांतली चार माणसं एका टेबलाभोवती बसली आणि त्यांनी ठरवलं, की आपण आपल्या पोटापुरतं बघतोच, आता आठवड्यातला थोडा वेळ गावासाठी काढू. त्या टेबलाची पुढे देशोदेशी टेबलं झाली. चिंचवडला आमच्या शाळेच्या ड्रॉइंगच्या वर्गात मांडलं गेलं ते त्यांतलंच एक. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, ते मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यातले दोन नियम मला फार आवडले. एक, प्रत्येक धंद्यातला एकच सभासद, म्हणजे कुणा एकाच धंद्याचं राज्य नको. आणि दोन, लागोपाठ चार सभा चुकल्या की सभासदत्व गेलं. पण चुकलेली सभा जगातल्या कुठल्याही गावच्या क्लबात बसून भरून काढता येते, कारण तुमची खुर्ची सगळीकडे आहे. वाचायला किती गोड! खरं करायला मात्र मिस्त्री यावे लागले.

पहिल्या सभेच्या दिवशी ते त्याच वर्गात कोपऱ्यात बाक दुरुस्त करत बसले होते. साहेब यादी वाचत होते... औषधं, बांधकाम, वकिली, शिक्षण. हातोडीचा आवाज थांबला आणि कोपऱ्यातून प्रश्न आला, "लाकूडकामाचा कोन हाय?" साहेब म्हणाले, अजून कुणी नाही. "मंग मी हाय की!" सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी नियम मोठ्याने वाचला. त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की धंदा कचेरीत बसूनच केलेला असला पाहिजे. साहेब माणूस वाईट नव्हता, नियमाला मानणारा होता. निघोज्यात बैलगाड्यांची चाकं घडवणारे मिस्त्री असे आमचे सभासद झाले. पुढल्या गुरुवारी धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि कानाच्या वर पेन्सिल अशा थाटात आले. ती पेन्सिल शेवटपर्यंत तिथेच होती.

आता त्या कुबड्यांची गोष्ट. ती सांगताना मी स्वतःलाही सोडणार नाही. परदेशातल्या एका क्लबाने आम्हाला कुबड्यांच्या बारा जोड्या भेट पाठवल्या. पांढरं, गुळगुळीत लाकूड, खाली रबरी टोपण, आणि टोपणाच्या वर वीतभर जागेत देणाऱ्या क्लबाचं नाव तापल्या लोखंडानं डागलेलं. बघत राहावं असं काम. आम्ही गरजू माणसांची यादी केली आणि त्यांतल्या कोंडाबाईला नमुना म्हणून सभेत बोलावलं. कोंडाबाई चाकणच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची. दगडाच्या गाडीखाली पाय सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. बाई उंचीनं जेमतेम साडेचार फूट. कुबड्या तिच्या कानाला लागल्या. दोन पावलं टाकली आणि फरशीवर आपटली. आम्ही सगळे धावलो. तिनं बसल्या बसल्याच विचारलं, "साहेब, ह्या कुबड्या हाईत का शिड्या?"

उंच माणसांच्या देशातून आलेलं सामान, त्यांच्याच मापाचं असणार. मिस्त्री उठले, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "वीत-दीड वीत खालून काढतो, मूठ वर सरकवतो. उद्या घिऊन जा." साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. भेट देणाऱ्या क्लबाचे पाहुणे महिन्याभराने येणार होते, समारंभ त्यांच्या हस्ते व्हायचा होता. खालून कापलं की नाव जाणार. ज्यांनी दिलं त्यांचंच नाव छाटून त्यांच्यापुढे ठेवायचं? किती वाईट दिसेल ते! पाहुणे येऊन जाईपर्यंत कुणीही कुबड्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. मिस्त्री तेवढे एकटे हात खाली ठेवून बसले. कोंडाबाई पदर सावरत म्हणाली, "बाजारातली जागा तवर ऱ्हातीया व्हय? तीन बाजार चुकलं की दुसरी बसती तितं."

कुबड्या शाळेच्या कपाटात कुलपात गेल्या. किल्ली माझ्याकडे. रविवारी सकाळी मिस्त्री घरी आले, हातात करवत आणि पिशवी. चहा नको म्हणाले. "मास्तर, किल्ली द्या." मी 'कशाला' म्हणून विचारलं नाही. करवत मला दिसत होती. मी खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि घरात निघून गेलो, म्हणजे पुढचं आपण पाहिलं नाही असं म्हणता यावं. अशी आमची सुशिक्षितांची हुशारी. दुपारी न राहवून शाळेत डोकावलो तर मिस्त्रींनी निरोप धाडलेली यादीतली माणसं व्हरांड्यात ओळीनं बसली होती. मिस्त्री एकेकाला भिंतीशी उभं करून काखेपासून सुतळी सोडत, गाठ मारत, कापत, मूठ नव्या भोकात बसवत आणि टोपण परत ठोकत. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं माणसाचं नाव, माप चुकलंच तर परत ताडून बघायला. दिवस मावळायच्या आत कोंडाबाई शाळेच्या पटांगणाला एक फेरी मारून आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिला घरी जाऊन भाकरी टाकायची होती. पुढच्याच बाजाराला ती तिच्या जागेवर बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

गुरुवारी वादळ झालं. साहेब लालबुंद. "कपाट कुणी उघडलं?" मिस्त्री म्हणाले, "मी." "किल्ली कुठून मिळाली?" मिस्त्रींनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "सुताराला कुलूप उघडाया किल्ली लागतीय व्हय?" म्हणाले. मी वहीत मान खुपसून बसलो होतो, तसाच बसलो. त्यांना माफी मागायला सांगितली. ते म्हणाले, "माफी चुकीची मागत्यात. मी माप बराबर घेतलंय." मग निषेधाचा ठराव झाला आणि तो मी, या हाताने, वळणदार अक्षरात लिहिला. 'सभासद सावळाराम मिस्त्री यांनी अनधिकृतपणे कपाट उघडून भेटवस्तूंची नासधूस केली, याबद्दल क्लब तीव्र नापसंती व्यक्त करीत आहे.' सभा संपल्यावर मिस्त्रींनी मला ठराव परत एकदा वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ते म्हणाले, "नासधूस म्या क्येली न्हाई. कापलं ते नाव व्हतं, कुबडी न्हाई." अनधिकृत या शब्दाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. ते मुद्दाम माझ्यासाठी सोडून दिलं होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही.

आणि ते पाहुणे? ते आले, हार घातले गेले, फोटो निघाले. कोंडाबाई चालत आली तेव्हा पाहुण्यांनी स्वतः उठून तिला नमस्कार केला. कुबडीच्या खालच्या टोकाकडे त्या भल्या माणसाने एकदाही पाहिलं नाही. ज्या नावासाठी आम्ही बारा माणसांना महिनाभर जमिनीवर बसवणार होतो, ते नाव त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. पाहुणे गेले, ठराव तसाच राहिला. खोडायचं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही.

अशा अपमानानंतर मिस्त्री आपणहून यायचे बंद होतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. ते पुढच्या गुरुवारी दहा मिनिटं आधी हजर! आमचं ते लांबडं टेबल एका आखूड पायामुळे फरशीवर डुगडुगायचं, कुणी टेकलं की अध्यक्षांची घंटा कलंडायची. मिस्त्रींनी पिशवीतून एक कापलेला तुकडा काढला, वाकून टेबलाच्या पायाखाली सारला, हाताने टेबल हलवून पाहिलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. परदेशी क्लबाचं नाव फरशीकडे, पेन्सिलीतलं 'कोंडाबाई' वर. साहेबांनी ते पाहिलं आणि सभा सुरू केली. टेबल स्थिर झालं होतं, आता तक्रार कशाची करणार?

एका वर्षी त्यांना विषमज्वर झाला आणि लागोपाठ तीन सभा चुकल्या. चौथी चुकली की नाव कमी, आणि ते व्हावं म्हणून टपून बसलेले एक-दोघं होतेच. चौथ्या गुरुवारीही ताप उतरला नव्हता. पण त्याआधीच्या सोमवारी हा माणूस अंगावर घोंगडी घेऊन पुण्याला पोचला, तिथल्या मोठ्या क्लबाच्या सभेला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कानावरची पेन्सिल बघून अडवलं, "सुतारकाम मागल्या दारानं." मिस्त्री म्हणाले, "सुतारकामाला न्हाई आलो राव, जेवाया आलोय," आणि कोटाच्या खिशातलं सभासदाचं कार्ड दाखवलं. आत जाऊन काटे-चमचे बाजूला सारून हातानं जेवले, हजेरीच्या चिठ्ठीवर सही घेतली आणि ती चिठ्ठी किसनकडून गुरुवारी आमच्या टेबलावर पोचवली. मी ती वहीत चिकटवली. नियमांचं पुस्तक मराठीत आणलं मी, पण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं मानलं ते त्यांनी. सेवेबद्दल भाषणं आम्ही केली. त्यांनी कधी भाषण केलं नाही, भांडणं मात्र पुष्कळ केली, आणि जवळजवळ प्रत्येक भांडण दुसऱ्या कुणासाठी होतं.

तर त्या शोकठरावाच्या गुरुवारी असं झालं. मसुदा वाचून झाला आणि साहेब उठायला टेबलावर टेकले, तर टेबल डुगडुगलं आणि घंटा खाली पडली. शाळेच्या शिपायानं त्याच दिवशी वर्ग धुऊन काढला होता. मी सभा सोडून व्हरांड्यात गेलो. कचऱ्याच्या ढिगात ठोकळा मिळाला, ओला, पण पेन्सिलीतलं नाव दिसत होतं. परत येऊन सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसलो आणि तो होता तिथे, होता तसाच बसवला. मग वही पुढे ओढली. म्हणालो, 'विनम्र' आणि 'आज्ञाधारक' हे शब्द मी लिहिणार नाही, लिहायचे असतील तर दुसरा चिटणीस बघा. साहेब म्हणाले, "मास्तर, शोकसभेत वाद नको." मी म्हटलं, वाद घालणाराच गेला, आता तो कुणीतरी घालायला हवा. आणि त्यांच्यासमोरच लिहिलं: 'सावळाराम मिस्त्री यांनी कुबड्यांची नासधूस केली नाही, त्या माणसांच्या मापाच्या केल्या. कपाट अनधिकृतपणे उघडले गेले नाही. किल्ली मी दिली होती.'

साहेबांनी वाचलं. चेहरा उतरला त्यांचा. "मास्तर, हे काय केलंत?"

"उशीर केला, साहेब," मी म्हणालो.

त्या वहीत मी शेकडो सह्या केल्या असतील, पण या सहीला फार जोर द्यावा लागला. सगळा भार टाकून टेकलो. टेबल हललं नाही. सही सरळ आली.