नखांवरची मेंदी

ओल्या मेंदीचा वास आला की मला आधी आठवतो तो गारवा, रंग मागाहून. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचं वर्णन तुमच्यापाशी काय करायचं? राजापेठेतल्या आमच्या घराची कडीसुद्धा दुपारी हाताला चटका देते. अशा होरपळलेल्या दिवसाच्या उतरणीला शहाना आपा माझा हात आपल्या मांडीवर घेते, कोन हलकेच दाबते आणि तो हिरवा, मातकट, निलगिरीच्या तेलाची किंचित झाक असलेला गंध बोटाबोटांतून वर चढत जातो. किती साधं सुख हे! आणि या इतक्या साध्या सुखाआड मी काय काय लपवून ठेवलं होतं, ते आज तुम्हाला सांगून टाकते.

आपा आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. लग्नसराईत नवऱ्या मुलींचे हात रंगवते, एरवी शिवणकाम करते. तिच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात मराठी शिकून गेल्या, म्हणून ती मला मॅडम म्हणते. दर महिन्याला ती मला मेंदी लावून देई. नक्षी कशीही चालेल, पण नखं मात्र पूर्ण रंगली पाहिजेत, हा माझा हट्ट. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही पाहिलं मॅडम," ती म्हणायची, "नवऱ्या पोरी पाच मिनिटांत हात हालवून नक्षी बिघडवून ठेवतात. तुमी त तासभर पंजा पसरून बसता, एक रेघ हालत नाही!" मी नुसती हसायची. माझी मूठ मिटतच नाही, हे तिला कशाला सांगू?

सुरुवात डोक्यातून झाली होती. कानामागे, केसांच्या कडेला पांढुरकी खपली धरली, मग कोपरांवर लाल चट्टे उमटले. त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस असं नाव सांगितलं, मलम दिलं आणि स्पष्ट बजावलं की हा स्पर्शानं पसरत नाही. पण शास्त्र डॉक्टरांच्या खोलीत राहतं आणि लाज आपल्यासोबत घरी येते! शाळेतल्या हळदीकुंकवाला माझ्या हातचा तिळगूळ कोण घेईल, या एका भयानं मी लांब बाह्यांची ब्लाउजं शिवून घेतली. डोक्याची काळजी नव्हती. अमरावतीत उन्हासाठी स्कार्फ बांधणाऱ्या बाईला कोणी कधी कारण विचारत नाही. मी मात्र तो घरात पाहुणे आले तरी सोडेना.

मग काही वर्षांनी बोटं धरली. सकाळी उठलं की हात दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे वाटत. तासभर तरी ते माझं ऐकत नसत. उजव्या हाताची तर्जनी तर अख्खी गाजरासारखी सुजली. टाचा जमिनीला लावताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. ज्या अक्षरासाठी मुलं माझ्या फळ्याकडे कौतुकानं बघत राहायची, त्या अक्षराचा पाय घसरू लागला आणि खडू हातातून निसटू लागला. घरी नळ उघडायला, पदराला पिन लावायला आमचे हे. आधीच अबोल माणूस, त्यात पिनेचा अनुभव शून्य! रोज एकदा मला टोचायचं आणि रोज एकदा आमचं भांडण व्हायचं. आज आठवलं की त्या भांडणांवर माया येते.

हाडांच्या डॉक्टरांकडेही गेले होते हो. त्यांनी संधिवातासाठी रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं. त्यांनी आवर्जून विचारलं होतं, दुसरा काही त्रास? मी डोक्यावरचा स्कार्फ नीट करत ठासून म्हणाले, "काही नाही." कातडीचं कातडीच्या डॉक्टरांना, हाडांचं हाडांच्या, एकाचं दुसऱ्याला कशाला? आयुष्यभर मुलांना बजावलं, की बाळांनो, उत्तर पूर्ण वाक्यात लिहा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा बाईंनी अर्धा पेपर कोराच ठेवला.

अखेर अकोल्याच्या वहिनीनं तिथल्या संधिवाताच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. मी आदल्या दिवशी काय केलं असेल? आपाला बोलावलं! नवीन डॉक्टरांसमोर हात नीटनेटके दिसायला नकोत का? तिनं हात मांडीवर घेतला, बोटांकडे पाहिलं आणि कोन खाली ठेवला.

"उद्या डाक्टरकडे चालल्या ना? मंग नखाले मेंदी नाही लावत मी."

"काहून?" रागाच्या भरात माझीही माहेरची बोली बाहेर पडली.

"मले काय दिसत नाही का मॅडम? नखाले बारीक बारीक खड्डे हायेत, सुईनं टोचल्यावानी. माह्या खालाचे, मावशीचे बी असेच होते. तिनंबी डोक्याची खपली जिंदगीभर ओढणीखाली झाकली. शेवटी बोटं असे वाकले, का घास तोंडापर्यंत जाये ना. आमी भरवत होतो तिले. तुमचे दोन दुखणे नसन, एकच असन. समदं दाखवा डाक्टरले!"

म्हणजे हिला ठाऊक होतं! इतके महिने, इतक्या वेळा! मला संताप आला, लाज वाटली, आणि घशाशी आलेला प्रश्न बाहेर पडलाच. हे सगळं दिसत होतं, तर माझा हात हातात कसा घेत होतीस?

"आता घ्या! धरल्याबिगर मेंदी निघते काय?"

एवढंच म्हणाली ती, तेही वैतागून. आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पन्नाशीची बाई, पण लेकरासारखी रडले. त्या संध्याकाळी मेंदी न लावताच ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडीनं आम्ही अकोल्याला गेलो. सबंध वाटभर मी जुना रंग विटलेली नखं पदराखाली घेऊन बसले होते. डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढी. तिनं एकेक सांधा हलक्या हातानं दाबून पाहिला, नखं खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "डोक्यात, कोपरावर काही आहे का?" सवयीचं "काही नाही" ओठांवर तयारच होतं. पण डोळ्यांपुढे आपाची खाला आली, दुसऱ्याच्या हातून घास घेणारी. मी स्कार्फच्या गाठीला हात घातला. बोटांना ती गाठ सुटेना. तेव्हा आमचे हे उठले आणि त्यांनी ती सोडली.

सोरियाटिक आर्थ्रायटिस, डॉक्टर म्हणाली. त्वचेचा आणि सांध्यांचा आजार एकच. यात रक्ताची ती तपासणी स्वच्छही येऊ शकते. एक्स-रेत तर्जनीचा सांधा थोडा झिजलेला दिसत होता. "तो पूर्ववत होणार नाही, पण बाकीची बोटं वाचवू या." आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, ठरलेला वार, अधूनमधून रक्ततपासणी, आणि काही महिने धीर. किती वर्षांपासून आहे, असं तिनं विचारलं, तेव्हा मी सारं सांगितलं, अगदी पहिल्या खपलीपासून.

धीर म्हणे! गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं, आणि दोन महिने झाले तरी बोटं होती तशीच. औषध बंद करते, असं मी एकदा चिडून म्हणाले, तर आपा दारातूनच गरजली, "कापसाचं बोंड काय एका दिवसात फुटते? गप घ्या गोळी!" घेतली. न घेऊन सांगते कोणाला?

असे आणखी काही महिने गेले. आणि परवा तिच्या धाकटीच्या निकाहाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, स्कार्फ न बांधता. नवरीचे हात रंगवून झाल्यावर आपानं माझे घेतले. नखं तेवढी सोड, असं मीच सांगितलं. दोन्ही तळव्यांवर तिनं इतकी नाजूक वेल काढली, की बघत राहावं. तोच भिंतीवरून पाल टपकन माझ्या मांडीवर पडली! मी किंचाळले, हात छातीशी घेतले. पाल कुठल्या कुठे पळाली.

"या अल्ला! घंट्याभराची मेहनत..." आपा ओरडता ओरडता थांबली. ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. मीही बघितलं. मूठ मिटली होती. तर्जनी थोडी मागे राहिली होती, पण बाकीची बोटं तळव्याला जाऊन टेकली होती आणि त्यांच्या फटींतून ओली मेंदी बाहेर येत होती. तोच गारवा, तोच मातकट वास. आपानं डोळे पुसले, तेही मेंदीच्या बोटांनी, आणि म्हणाली, "आता दुसराबी मिटा."

मी दुसराही मिटला.

निकाहात भेटेल ती विचारत होती, मॅडम, ही कसली नक्षी? मी दोन्ही हात पुढे करून दाखवत होते, नखांसकट.