कावळ्याचा निरोप

मामेभावानं पिशवीतून कागद काढले आणि माझ्या पुढ्यात शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडले. प्रत्येक कागदावर पट्टीनं चौकटी आखलेल्या, आत काहीच नाही.

"ताई, हे तू भर."

"काय भरू? धान?" मी म्हटलं.

मी तेव्हा सानगडीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. नागपूरला कोर्स करून आलेली, लग्नाचं वय गेलेली, आणि गावाच्या मते तोंडानं जराशी फाटकीच. लोकांना माझी आठवण यायची ती लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढायला, नाही तर दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा पडदा रंगवायला. राजवाडा काढा बाई, जंगल काढा बाई. जंगल काढायचं तर उघड्या डोळ्यांनी बाहेर पाहा की, पण नाही, यांना पडद्यावरचं पाहिजे.

हा मामेभाऊ साकोलीचा. मामाची धानाची गिरणी होती. गिरणीत लक्ष घालायचं सोडून स्वारी मुंबईला गेली, कुण्या डायरेक्टरच्या असिस्टंटच्या हाताखाली काही वर्षं चहा सांगितला, आणि चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास डोक्यात सिनेमा घेऊन परत आली. आपल्या भागात, आपल्या माणसांचा, थ्रिलर काढायचा म्हणे. तो सिनेमा कधी निघाला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मामानं "माह्या गिरणीच्या भरवशावर तमाशे नाई चालनार" म्हटलं आणि विषय संपला. पण ते पुढचं.

तर या चौकटींना स्टोरीबोर्ड म्हणतात. कॅमेरा जे पाहणार ते आपण आधी कागदावर पाहून घ्यायचं, एका चौकटीत एक शॉट. दुरून पाहायचं की जवळून, कॅमेरा सरकणार असेल तर बाण काढायचा. त्यानं हे सगळं फार मन लावून समजावलं, तेवढं मान्य करते. म्हणाला, "सुरुवातीची पाच मिनिटं अशी पायजे ताई, का मानूस खुर्चीवरून हालला नाई पायजे."

"मग खुर्चीले बांधून टाक."

पहिल्या दिवशी आम्ही तलावातल्या मुडद्यावर डोकं चालवलं. ढिवर जाळं ओढतोय, जाळं जड लागतंय, पाण्यातून हात वर येतोय. मी काढलंही. मग म्हटलं, अरे बाबा, आपल्याकडे तलावात मुडदा सापडला की घडीभरात अख्खं गाव पाळीवर, तलावाच्या बांधावर, गोळा होतं. पोरं येतात, म्हाताऱ्या येतात, फुटाणेवाला येतो. त्यात भीती कुठून आणू? मग त्यानं नाकाडोंगरीची खाण काढली. खाणीकडं जाणारी जंगलातली वाट, एक माणूस, हातात कंदील. मी विचारलं, हा कंदील घेऊन जंगलात काहून चालला? तो कागदही बाजूला पडला.

स्वयंपाकघरात आई सुपात तांदूळ पाखडत होती, तिकडे त्यानं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई... कावळ्याचा निरोप घेतला तर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळे कागद गोळा केले, त्याच्या पिशवीत कोंबले आणि म्हटलं, "चालता हो."

आमच्याकडे डोक्याला कावळा शिवला की ते मरणाचं लक्षण मानतात. ते टाळायचं तर एकच उपाय. त्या माणसाच्या जवळच्या नातलगांना तो मेल्याचा खोटा निरोप पाठवायचा. नातलग धाय मोकलून रडले की मरणाला त्याचा वाटा मिळाला, आता ते माघारी जातं. बाईमाणसाला शिवला तर निरोप माहेरी जातो. रडणं होऊन गेलं की निरोप्या हसतो, कावळा शिवला होता म्हणून सांगतो, ओसरीवर बसून खाऊन-पिऊन जातो. त्यानं त्या घरचं खाल्लं म्हणजे निरोप खोटा, असा हिशेब. कारण मरणाचा खरा निरोप आणणारा त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. उभ्या उभ्या सांगतो आणि पाठ फिरवतो.

माझी थोरली बहीण एकोडीला दिली होती. एका हिवाळ्यात ती अंगणात धान वाळत घालत असताना कावळा तिच्या डोक्याला पंख घासून गेला. तिच्या सासरचा सालदार गडी सायकलवर आमच्या दारात आला आणि म्हणाला, "आई, बाई सरली." मी घरी होते. आई अशी कोसळली की तिच्या हातातली घागर फुटली. तिचं रडणं ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या. मग तो गडी दात काढून म्हणाला, "रडू नोका जी, कावरा शिवला होता." आईनं आधी त्याला झाडूनं बदडलं, मग पोटभर पोहे खाऊ घातले. त्यानं दोनदा मागून घेतले. आई हसत होती, रडत होती, नाक पुसत होती. त्या रात्री आमच्या घरी सणासारखं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तोच गडी पुन्हा आला. मी नागपूरला होते, बाबा आधीच गेलेले, घरी आई एकटी. तो म्हणाला, बाई सरली. आई म्हणाली, "काहून रे, पुन्हा शिवला का? तुमच्या गावच्या कावऱ्यायले दुसरा काही कामधंदा नाई?"

तो म्हणाला, खरं आहे. आई म्हणाली, मागच्या बारीलेही खरंच म्हणत होता. तिनं त्याला बसवलं, पोहे दिले, तो गेला, आणि ती धान निवडायला बसली.

तिकडे त्यांनी माहेरच्यांची वाट पाहिली. निदान पाहिली असं सांगतात. ऊन कलल्यावर जाळलं. दुसऱ्या दिवशी बाजारात मामाच्या कानावर आलं, तो धावत आमच्याकडे आला, दोघं एकोडीला पोचली तेव्हा राख उरली होती. विहिरीत पाय घसरून पडली म्हणे. माझी बहीण नाल्याला पूर असताना पोहत जाणारी बाई. विहिरीत पडली म्हणे! तिच्या अंगावर काय होतं, नव्हतं, कुणी पाहिलं? आम्ही कुणीच नाही. सासरच्यांनी कपाळाला हात लावून सांगितलं, आम्ही तर निरोप धाडला होता, तुम्हीच नाही आले.

आणि आई? आई तिथं एक टिपूस रडली नाही. त्या राखेकडे पाहून म्हणाली, "हे कोनाचं आहे?"

तेव्हापासून आमच्या घरात बहीण मेलेली नव्हती. आईनं तिची तेरवी करू दिली नाही. दर दिवाळीला तिच्यासाठी लुगडं घ्यायची आणि घडी करून पेटीत ठेवायची. कुणी विचारलं, थोरली दिसत नाही बरेच दिवसांत, तर म्हणायची, "तिच्या सासरचे पाठवत नाईत." जावयानं दुसरी केली ते कळलं तेव्हा, "माह्या पोरीच्या उरावर सवत आणली मेल्यानं." मी सुरुवातीला भांडले. ओरडले. पोलिसांत जाऊ म्हटलं तर आई म्हणाली, "जितीजागती आहे माही पोरगी, कायची रपोट देतं?" घरात मेलीच नाही, तर मारली कुणी हे कुणाला विचारणार? हळूहळू मीही गप्प बसले. घरात दोन बायका आणि मध्ये ती पेटी, अशी वर्षं गेली.

म्हणून मामेभावाचा एवढा संताप आला. पण दोन दिवस डोक्यातून ते जाईना. शाळेत पोरींना आंब्याचं पान शिकवताना मी फळ्याच्या कोपऱ्यात कावळा काढून बसले. माझी बहीण मेली हे मला कुठंतरी बघायचं होतं. घरात नाही तर नाही, सिनेमात तरी मरू दे तिला. मी त्याला परत बोलावणं पाठवलं.

तो आला, जरा भीतभीतच. आम्ही आई तलावावर धुणं धुवायला गेली की बसायचो. कागद कापून एकेक चौकट वेगळी केली, जमिनीवर ओळीनं मांडली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडे ठेवले. अंगणात पसरलेलं धान, दुरून. धान उलथणारे हात, जवळून, बांगड्यांसकट. "चेहरा नोको दाखवू ताई," तो म्हणाला. "पब्लिकनं चेहरा पाह्यला का भीती गेली." छपराच्या कवेलूवर कावळा. जमिनीवर बाईची सावली आणि तिच्यावर दुसरी सावली. मग तलावाची पाळ, सायकल. आमचं दार. आईचं उघडं तोंड, नुसतं तोंड. फुटलेली घागर. ओसरीवर पोहे खाणारा गडी.

"आता पुन्हा हेच," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत चमक आली होती, आणि खरं सांगते, मलाही काम करताना मजा येत होती. "तीच पाळ, तीच सायकल, तेच दार. काही बदलायचं नाई. पाहनारा म्हनला पायजे, आलं पुन्हा सोंग. तो हसला पायजे. आन् मग धूर."

मी तशाच चौकटी पुन्हा काढल्या. पाळ, सायकल, दार. दुसऱ्या वेळी मी घरी नव्हते, पण आईच्या तोंडून ते सगळं इतक्यांदा ऐकलं होतं की डोळ्यांसमोर होतं. त्याला बसवलं, पोहे दिले, तो गेला. ओसरीवर गडी, मांडीवर ताटली, हाताचा घास तोंडाशी. शेवटी धूर. धूर काढायला मला फार वेळ लागला. कोळशानं काढला आणि बोटानं पसरवला.

त्या दिवशी आई लवकर परतली. आमचं लक्षच नव्हतं. ओलं धुणं काखेत धरून ती आमच्या मागं कधीची उभी होती देव जाणे. मामेभाऊ घाईघाईनं कागद गोळा करायला लागला, तर म्हणाली, "राहू दे."

धुण्याचा पिळा खाली ठेवून ती बसली. आईला अक्षर येत नव्हतं. आमच्या गावात सिनेमा फार तर यात्रेतल्या तंबूत. पण तिनं पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तिथून ओळीनं पुढं गेली, जणू जन्मभर हेच वाचत आली आहे. धानावर थांबली. बांगड्यांवर थांबली. "हिरव्या होत्या," म्हणाली. स्वतःच्या उघड्या तोंडापाशी जराशी हसली. पोहे खाणाऱ्या गड्यापाशी आली, "खादाड मेला." मामेभाऊ माझ्याकडे बघेना.

दुसरी पाळ, दुसरी सायकल, दुसरं दार. मग दुसरे पोहे. तिथं तिचं बोट अडलं.

"हे चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं, आई?"

"त्यानं खाल्लं नाई."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "तू तर म्हणायची, पोहे दिले."

"देल्ले ना. मी कुठं नाई म्हनतो. ताटली त्याच्या मांडीवर ठेवली." आई त्या चौकटीकडेच बघत होती. "त्यानं हात नाई लावला. पानीही नाई घेतलं. मी म्हनत राहिली, खा बाबू. एक घास खा. माह्यासाठी खा. तो नुसता खाली मान घालून बसला. मंग ताटली खाली ठेवली आन् गेला." तिनं चौकटीवरचं बोट उचललं. "कोंबड्यायले टाकले मी ते पोहे."

मामेभावानं तोंड फिरवलं. म्हणजे तिला माहीत होतं. तो ओसरीवर बसलेला असतानाच माहीत होतं. ताटली पुढं सरकवत ती त्याला पोहे देत नव्हती, पोरीसाठी भीक मागत होती.

"दुरुस्त कर ते," आई म्हणाली.

मी खोडरबर घेतला. तोंडाशी गेलेला घास खोडला, हात खोडला, तो मांडीवर आणला. ताटली भरलेली काढली. मान खाली घातली. आई माझ्या हाताकडे बघत होती. काढून झालं तशी तिनं तो कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, घागर फुटली त्या दिवशी. ती जमिनीवर आडवी झाली. खडे विखुरले, कागद तिच्या अंगाखाली गेले. मी तिला धरलं, मला ती आवरेना. मीही मग आवरलं नाही, तिच्याबरोबर मोठ्यानं रडले.

शेजारच्या बाया पदर सावरत धावत आल्या. दारात गर्दी झाली. त्यातल्या एका म्हातारीनं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "काय झालं वो? कोनाले कावरा शिवला का?"

आईनं मान वर केली.

"नाई वो माय," ती म्हणाली. "माही पोरगी मेली."