आई ‘येतो’ म्हणाली

आयर्लंडमधल्या नास गावाहून चेरीवूडच्या ऑफिसला रोज गाडी हाकायची आणि रोज परत आणायची, यात माझा अर्धा जीव जातो. उरलेला मीटिंगांमध्ये जातो. संध्याकाळी घरी येऊन कोट न काढता सोफ्यावर पडायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आई कोल्हापूरहून तीन महिने राहायला आली तेव्हा मी तिला आयर्लंड वगैरे काही दाखवलं नाही. ती दिवसभर खिडकीत बसून माझी वाट बघायची, आणि मी आले की मला आडवी पडलेली बघायची.

आमच्या मागच्या अंगणाला लागून एका म्हातारीचं अंगण आहे, मधे कमरेएवढी भिंत. नवरा गेलेला, वय ऐंशीच्या पुढे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एकेकाळी बटाटे, कांदे सगळं घरचं खायची म्हणे. आता दार उघडून बाहेरही येत नव्हती. तिची लेक दर रविवारी गॉलवेहून यायची आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात नर्सिंग होमचं बोलायची. म्हातारीचं उत्तर ठरलेलं, “आय ॲम ग्रँड.” इथे मरणाला टेकलेला माणूसही ग्रँडच, म्हणजे मजेतच असतो.

एक दिवस मी घरी आले तर आई भिंतीपलीकडे. म्हातारीच्या रान माजलेल्या वाफ्यात उभी राहून ओरडत होती, “अगं, ह्यो चाकवत हाय की! एवढा कवळा चाकवत, आन् ही बाई त्याला तण म्हणतीया!” म्हातारी काठीवर रेलून दारात आली होती. तिने मला समजावलं की याला फॅट हेन म्हणतात. मी आईला सांगितलं, जाडी कोंबडी. जन्मात अंड्यालाही न शिवलेल्या आईने हातातली जुडी टाकूनच दिली. मग दोघी हसत सुटल्या. मला फक्त झोप हवी होती.

दुसऱ्या दिवशी डाळ-दाणे घातलेली, ताकातली चाकवताची भाजी भिंतीवरून पलीकडे गेली आणि वाटी चाटूनपुसून परत आली. तिथून रोजचंच झालं. दोघी समोरासमोर बसलेल्या, मधे वाफा. आईचं इंग्रजी मोडकं आणि म्हातारीचं इथलं गावठी किल्डेरी, तरी गप्पांना खळ नाही. फिजिओने दिलेले व्यायाम महिनोन्महिने टाळणारी ती बाई, पलीकडच्या ओळीत गवत दिसलं की आपसूक चार पावलं टाकायची. तिला भूक लागायला लागली. झोप लागायला लागली. रविवारी लेक येऊन बघते तर म्हातारीच्या नखांत माती. नर्सिंग होमचा विषय ‘बघू या’वर आला. माझ्या आईचे गुडघेही कुरकुरायचे थांबले, की ती कुरकुर मला ऐकवायला आई घरातच नसायची, देव जाणे. माझी वाट बघणं मात्र तिने सोडलं. त्याचं मला बरंही वाटलं आणि वाईटही.

ऑगस्ट संपताना आई निघाली. टॅक्सी दारात उभी असताना ती भिंतीशी गेली, म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसत म्हणाली, “आय ॲम कमिंग हं.” निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, आणि आमच्या कोल्हापुरात तर बायकाही ‘येतो’च म्हणतात. आईने त्याचं इमानेइतबारे इंग्रजी केलं होतं. मला घाईत त्यात काहीच वावगं वाटलं नाही. म्हातारीने मात्र तो दिलेला शब्द मानला.

सगळा हिवाळा तिने त्या शब्दावर काढला. थंडीत लसूण लावला. आईसाठी उन्हाच्या बाजूचा वाफा मोकळा ठेवला. मी घरी आले की भिंतीवरून विचारायची, “कधी येतेय ती?” इकडे दिवाळीनंतर आईच्या हृदयाने दगा दिला, आणि डॉक्टरांनी विमानाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. ती वाचली यातच आम्ही समाधान मानलं. म्हातारीला मी ‘बघू’ म्हणत राहिले. सांगायलाही अंगात त्राण लागतं.

मार्चमध्ये तिने मला विचारलं की चाकवताचं बी विकत कुठे मिळेल. जन्मभर उपटून फेकलेल्या तणाचं बी! मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, आईचं दुखणंही आणि ‘येतो’चा अर्थही. ती “राइट सो”, बरं तर, एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती बाहेर आलीच नाही. पडदे अर्धेच उघडायचे. रविवारी लेकीचा आवाज पुन्हा चढला. कुठल्यातरी नर्सिंग होममध्ये एक खोली रिकामी झाली होती आणि लवकर कळवायचं होतं. मी उशीत डोकं खुपसून ऐकायचे. मला माझा राग येत होता, आईचा येत होता, आणि सरळ ‘जाते’ म्हणू न देणाऱ्या आपल्या भाषेचाही.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले ती सोफ्याकडे न वळता ऑफिसच्या बुटांनिशीच भिंत ओलांडून गेले. वाफ्यात गुडघे टेकले आणि दिसेल ते गवत उपटायला लागले. आतून काचेवर काठी वाजली. मी थांबले नाही. मग दार उघडलं आणि झोपायच्या झग्यावर कोट चढवलेली म्हातारी तरातरा बाहेर आली. एवढी जलद चालताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

“अगं बाई, माझा लसूण! तो लसूण आहे!”

मूठ नाकाशी नेली तर खरंच लसणाचा वास. तिने मला मनसोक्त झापलं. एवढं शिकून गवत आणि लसूण कळत नाही, उद्यापासून वेळेवर ये, दाखवते कुठे काय आहे ते, आणि आता ऊठ. मला उठवेना. इतकी दमले होते की तिथेच चिखलात बसून रडायला लागले.

म्हातारी आत गेली. थोड्या वेळाने एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत बाहेर आली. मला वाटलं, स्वतःसाठीच आणली असेल. ती तिने माझ्यापुढे ठेवली.