बाविसावा अंक

कविता शिकवणाऱ्या बाईच्या घरात कॉमिक्सने भरलेले कपाट दिसले, की पाहुण्यांची नजर आधी लहान मूल शोधते. घरात लहान मूल नाही असे कळल्यावर ती माझ्यावर येऊन थांबते. हा क्षण मला फार आवडतो. सांगलीतल्या आमच्या घराच्या दर्शनी खोलीत, जिथे इतरांकडे चषक किंवा लग्नातली छायाचित्रे मांडलेली असतात, तिथे माझी कॉमिक्स आहेत. सहाशेहून अधिक, प्रत्येक अंक स्वतंत्र पारदर्शक पाकिटात, पाठीमागे पुठ्ठ्याचा आधार. मी ती कधी लपवली नाहीत. उलट पडदा बाजूला सारून ठेवते.

जुन्या कॉमिक्सचा वास भिजवलेल्या हरभऱ्यासारखा असतो, किंचित आंबूस, किंचित गोड. कागद इतका मऊ झालेला असतो, की पान उलटताना आवाज होत नाही, फक्त बोटांना कळते. त्या काळच्या छपाईत रंगांचे ठसे नेमके एकमेकांवर बसत नसत. नायिकेच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरलेला असे आणि समुद्राचा निळा रंग चौकटीची रेघ ओलांडून पांढऱ्या समासात शिरलेला असे. छपाईतला तो दोष आहे हे पुढे समजले. लहानपणी मला वाटे, पाणीच ते, चौकटीत कसे राहील?

कारण पाणी मी त्या चित्रांतच पाहत होते. माझे बालपण म्हसवडचे. माणगंगेच्या पात्रात वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू असे, आणि टँकर आला की कळशी घेऊन आम्ही धावत सुटत असू. अशा गावात, समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या एका तरुणीची मराठी चित्रकथामाला माझ्या हाती आली. लांब नळीने श्वास घेत ती बुडालेली गलबते शोधायची. एकूण चोवीस अंक निघाले आणि प्रकाशन बंद पडले. पुस्तकांच्या जगात त्या मालेची कोणी दखल घेतली नाही. मी मात्र तिच्यातला निळा रंग डोळे मिटूनही ओळखू शकते.

हे अंक वडील आणत. ते सैन्यात होते. सुट्टीवर येताना मिरजेला उतरत आणि फलाटावरच्या दुकानातून तोवर साठलेले सगळे अंक एकदम घेत. पुढची गाडी किंवा एस.टी. मिळेपर्यंत आपल्या काळ्या ट्रंकेवर बसून ते स्वतःच आधी वाचून काढत. मग मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन-चार ओळी लिहीत: ऊन किती होते, गाडीला किती उशीर झाला, गोष्ट कशी वाटली. पत्रे त्यांची आईच्या नावे येत. मला मिळालेले त्यांचे अक्षर एवढेच.

एका वर्षी त्यांनी विसावा आणि एकविसावा अंक आणला. एकविसाव्याच्या शेवटच्या चौकटीत खलनायकाचा सुरा चालतो, नळी तुटते, आणि ती तरुणी तळाशी एकटी उरते. पुढच्या सुट्टीत वडील आले तेव्हा त्यांच्या पिशवीत तेविसावा होता, चोविसावा होता. बाविसावा दुकानात संपला होता. तेविसाव्या अंकात ती धडधाकट होती, होडीच्या काठावर बसून केस पिळत होती. म्हणजे ती वर आली होती. कशी आली, हे मात्र कोणीच मला सांगू शकले नाही. वडीलही नाही, आणि आता ते स्वतःही नाहीत.

पस्तीसेक वर्षे मी तो अंक शोधला. साताऱ्यातली रद्दीची दुकाने, पाटणच्या एका बंद पडलेल्या वाचनालयाचा पोटमाळा, मिरजेचे फलाट. या शोधात मला पुष्कळ काही मिळाले. साताऱ्यात एकविसाव्या अंकाची दुसरी प्रत मिळाली, जणू दुकानातून आजच आणलेली, कोरी, घडी न पडलेली. बाविसावा मिळाला नाही. मग मागच्या वर्षी संग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटावर पुण्याच्या एका गृहस्थांनी त्याचे छायाचित्र टाकले. त्यांच्याकडे बाविसावा होता, आणि नेमका एकविसावा नव्हता. संग्राहकांमध्ये अशा वेळी एकच रीत असते: अंकास अंक, तोडीस तोड. तुमची कोरी प्रत मला, माझी तुम्हाला, असे ठरले, आणि एका रविवारी सकाळी ते सांगलीला आले.

निवृत्त अभियंता, बारीक अंगकाठी, खिशात सुती हातमोजे. कपाटासमोर ते बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले.

"मॅडम, पुण्यातसुद्धा इतकी नीट मांडणी फार थोड्यांकडे आहे," ते म्हणाले, आणि मी उगाचच पदर सारखा केला.

माझ्या सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या जवळच्याच हरिपूरच्या, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. वय ऐंशीच्या पुढे. माझ्या कपाटाबद्दल त्यांनी आजवर कधी बरे म्हटले नाही की वाईट म्हटले नाही. पाहुण्यांपुढे कप ठेवून त्या तिथेच खुर्चीत बसल्या.

मी खालच्या फळीवरून साताऱ्याची ती कोरी प्रत काढली आणि पाकीट उघडले. पहिल्यांदा वास आला. ओळखीचा, स्वयंपाकघरातला, या जागी अगदीच अनोळखी. मग पान उलटले. समुद्र हिरवा झाला होता. नायिकेचा चेहरा, होडीची शिडे, संवादांचे पांढरे फुगे, सारे पिवळे. पानापानात हळद भरली होती, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती कागदात मुरली होती.

"आत्या, हे कुणी केलं?"

"म्या केलं. का गं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आषाढात कपाट पुसताना कसर पळताना दिसली, त्या खालच्या फळीवर. म्हटलं, एवढं जपतीस, आन् किडं खाऊन जातील. पानापानाला लावलीया, लय बेतानं, कापसाच्या बोळ्यानं. आमच्याकडं पोथ्या अशाच राखत्यात."

"मला सांगायचं तरी!"

"गव्हात कडुलिंबाचा पाला घालताना सांगते व्हय मी तुला?"

हळदीच्या घरातल्या बाईने हळदीवर विश्वास ठेवावा, यात चूक तरी कोणती? पण माझे कान तापले होते. गृहस्थांनी हातमोजे चढवून अंक उचलला, खिडकीकडे धरला आणि अतिशय हळुवारपणे पुन्हा खाली ठेवला. आजाऱ्याची नाडी सोडावी तसा.

"हा आता संग्रहात धरता येणार नाही, मॅडम. दुसरी प्रत आहे म्हणाला होता ना तुम्ही?"

दुसरी प्रत वडिलांची होती. मी ती आणली. त्यांनी कडा पाहिल्या, पिना पाहिल्या, समाधानाने मान हलवली. मग मुखपृष्ठ उलटले आणि थांबले. तिथे पेन्सिलीच्या चार ओळी होत्या.

"हे लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "पण काळजी नको, पेन्सिलच आहे. माझ्याकडे खास खोडरबर असतो. कागदाला ओरखडाही येत नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर आत्ता करू, आणि हा बाविसावा तुमचा."

त्यांनी पिशवीतून बाविसावा काढून टेबलावर ठेवला. मुखपृष्ठ मी आयुष्यात प्रथमच प्रत्यक्ष पाहत होते. काळसर निळे पाणी, आणि त्यातून वर सुटलेला एकच बुडबुडा. त्याच्या शेजारी पांढरा, चौकोनी, मऊ खोडरबर. दोन्ही माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मी खोडरबर उचलला. खोटे कशाला सांगू, मी तो उचलला. पूर्ण संच म्हणजे काय, हे ज्याने एकदाही काही जमवले नाही त्याला सांगता येत नाही. चोवीसही अंक एका रांगेत उभे करायचे, एवढ्यासाठी मी आयुष्यातले कितीतरी रविवार धुळीत घालवले होते.

"काय लिवलंय त्यात?" आत्यांनी विचारले. "आधी वाच तरी."

मी वाचले. मला ते पाठच होते, तरी पानावरून वाचले. "मिरज. गाडी दीड तास उशिरा. दोनदा वाचला. तू रडू नकोस, पुढच्या अंकात ती वर येईल."

मी खोडरबर त्यांच्या बाजूला सरकवला.

"नाही जमायचं," मी म्हणाले. "तुमचा अंक तुम्ही परत न्या. फक्त एक विनंती आहे. मला तो इथे बसून एकदा वाचू द्या."

गृहस्थ अवघडले. "मॅडम, तो मीही वाचलेला नाही. बारा वर्षांपूर्वी मिळाला तेव्हापासून पाकिटातच आहे. पिना गंजल्या आहेत. उघडला तर मधलं पान सुटेल."

"आवं पावणं," आत्या पुढे सरसावल्या, "बारा वर्सं झाली आन् आत काय हाय ते ठावं न्हाई? मग ती पोरगी अजून पाण्यातच म्हणायची की!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटले, आता ते निरोप घेणार. पण त्यांनी पाकिटाची चिकटपट्टी नखाने सोडवली, हातमोजे काढले आणि अंक माझ्यापुढे ठेवला. पहिलेच पान उलटताना पिनेचा तांबूस भुगा टेबलावर पडला. चौथ्या पानापाशी मधला जोड खरोखरच सुटला. मी हात मागे घेतला.

"सुटायचं ते सुटलं," ते म्हणाले. "वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचू लागले. वर्गात कविता वाचते तशी, विरामांना जागा देत, चित्र आधी दाखवून आणि मग शब्द. तुटलेल्या नळीतून बुडबुडे निघून जातात. ती वर पाहते. वरचा उजेड नाण्याएवढा. ती वर न जाता उलट बुडालेल्या गलबताच्या पोटात शिरते. तिथे मुदपाकखान्यात तांब्याचा एक मोठा हंडा उपडा पडलेला असतो, आणि गलबत बुडाले त्या दिवशीची हवा त्याच्या पोटात अजून शिल्लक असते. ती त्याच्याखाली तोंड नेते. श्वास घेते. दोन पाने नुसता तो श्वास आहे, एकही शब्द नाही, फक्त निळा रंग पानागणिक उजळत जातो. त्या अनामिक चित्रकाराला मी तेव्हाच मनोमन नमस्कार केला. मी उगाच पस्तीस वर्षे शोधले नव्हते.

"बराबर हाय," आत्या म्हणाल्या. "कोंडलेला वारा ऱ्हातो." आणि पाहुण्यांना त्या हळदीच्या पेवांविषयी सांगू लागल्या: हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल खणलेले ते खड्डे, तोंडाशी अरुंद, पोटाशी ऐसपैस. झाकण काढले तरी लगेच कोणी आत उतरायचे नाही. आधी दोरीने कंदील सोडायचा. तो विझला तर आतली हवा श्वासाजोगी नाही, माणसाने बाहेर थांबायचे. "माझ्या थोरल्या भावाचा कंदील दोनदा इझला हुता. तवापास्नं मला ठावं, श्वास म्हंजी काय ते. पण एक सांग गं, श्वास संपलेली बाई हंड्याखाली जाऊन तीन तीन वळी बोलती कशी?"

मी पान पुन्हा पाहिले. खरेच, श्वासाची ती दोन पाने संपताच, हंड्याखालीच तिने तीन ओळींचा भलामोठा फुगा भरून खलनायकाला आव्हान दिले होते. गृहस्थ हसू लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग खांदे हलवत.

"अहो, कॉमिक आहे ते, आजी!"

"असंल. पण बोलायचं ते वर आल्यावर बोलावं."

अंक मी शेवटपर्यंत वाचला; त्या हंड्यातल्या श्वासावरच ती वर आली होती. जेवून निघताना त्यांनी सुटलेले पान काळजीपूर्वक जागेवर ठेवले आणि बाविसावा पिशवीत घातला. मी थांबवले नाही. मग टेबलावरच्या पिवळ्या प्रतीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "हा मला द्याल? संग्रहासाठी नाही. नळी कशी तुटली ते मला अजून माहीत नाही, आणि हा बिनधास्त उघडता येईल." मी दिला. देताना आत्यांचा चेहरा असा उजळला, जणू हळद लावण्याचे श्रम आता कुठे कारणी लागले.

कपाटातल्या त्या रांगेत एकवीस आणि तेवीस यांच्यामध्ये एका अंकाची फट आहे. ती मी बुजवली नाही, आणि आता ती मला दिसत असली तरी सलत नाही. परवा शेजारच्या बाई आल्या होत्या. रांगेवरून बोट फिरवत त्यांनी विचारले, "यातला एक हरवला वाटतं?"

मी तोंड उघडण्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून आत्यांचा आवाज आला, घरच्या माणसाविषयी सांगावे तितका सहज आणि तितकाच ताठ.

"हरवंल कशाला? चोवीसच्या चोवीस हायत. तेवीस हितं ऱ्हात्यात, एक पुण्याला असतो."